जपानी आयात प्रियस: सोमवारी सकाळी चार दिवे एकदम लागतात, गॅरेज म्हणतं हायब्रिड बॅटरी बदला

तांबडीमाती (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी २०११ची टोयोटा प्रियस, जपानहून वापरलेली आयात झालेली, चेसिस क्रमांक झेडव्हीडब्ल्यू३०ने सुरू होतो. मीटरवर १ लाख ३६ हजार किलोमीटर. मुक्काम ऑकलंड. डीलरकडून घेऊन चार महिने झाले.

तक्रार अशी. शुक्रवारी संध्याकाळी लावलेली गाडी सोमवारी सकाळी धड सुरू होत नाही. ब्रेक दाबून बटण दाबलं की डॅशबोर्ड मिणमिणतो, आतून टकटक आवाज येतो आणि 'रेडी' (गाडी चालायला तयार असल्याची खूण) लागत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लागतं, पण सोबत लाल त्रिकोण, पिवळा ब्रेक, एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम न होऊ देणारी यंत्रणा) आणि घसरत्या गाडीचं चित्र असे चार दिवे पेटतात. इंजिनाचा पिवळा दिवा लागत नाही. वीसेक मिनिटं चालवून, बंद करून पुन्हा सुरू केली की त्रिकोण आणि ब्रेक विझतात; एबीएस आणि घसरत्या गाडीचा, ही जोडी कधी राहते कधी जाते. सलग तीन सोमवार हेच. रोज चालवली की बहुतेक वेळा काही त्रास नाही.

स्वस्तातला ब्लूटूथ स्कॅनर लावला, तो म्हणतो बिघाडाचा एकही कोड नाही. गॅरेजनं गाडी बघून हायब्रिड बॅटरी (मोटर चालवणारी मोठी बॅटरी) बदलायचं कोटेशन हातात दिलंय, त्यावर कोड लिहिलेला नाही. घरी मल्टिमीटर आहे आणि तो वापरता येतो. सुरुवात कुठून करू? आणि कशाला हात लावायचा नाही?

मीटरवाला

कोड न लिहिता हायब्रिड बॅटरीचं नाव घेतलं असेल तर त्या कोटेशनवर सध्या एक डॉलरही देऊ नका. तुमच्या वर्णनातच त्याविरुद्ध पुरावा आहे. मोठी बॅटरी खराब झाल्याचा कोड पी०ए८० आला की लाल त्रिकोणासोबत इंजिनाचा दिवाही लागतो, आणि तो एकदा बंद-चालू करून विझत नाही. तुमच्याकडे तो दिवा लागलेलाच नाही. शिवाय गाडी तीन दिवस उभी राहिली तरच त्रास होतोय, म्हणजे उभ्या-उभ्या काहीतरी उतरतंय. उतरते ती डिकीतली १२ व्होल्टची छोटी बॅटरी. मोठी बॅटरी गाडी बंद असताना रिलेनं (विजेवर चालणाऱ्या स्विचनं) तोडलेली असते, घड्याळ किंवा अलार्म तिच्यावर चालत नाही.

या गाडीला नेहमीचा स्टार्टर नाही आणि अल्टरनेटरही नाही, आणि सगळा घोळ तिथूनच होतो. साध्या पेट्रोल गाडीत बॅटरी दमली की स्टार्टर रडायला लागतो, कानालाच कळतं. प्रियसमध्ये १२ व्होल्टचं काम एवढंच की सगळे कंट्रोलर (गाडीतले छोटे संगणक) जागे करायचे आणि मोठ्या बॅटरीचे रिले ओढायचे. ते रिले बसले की २०१.६ व्होल्टच्या बॅटरीवर मोटर-जनरेटर इंजिन फिरवतो, आणि इन्व्हर्टरमधला (मोटरला वीज रूपांतरित करून देणाऱ्या पेटीतला) डीसी-डीसी कन्व्हर्टर छोट्या बॅटरीला चार्ज करतो. त्यामुळे छोटी बॅटरी अर्धमेली झाली तरी इंजिन तोऱ्यात फिरतं. जो कंट्रोलर कमी व्होल्टेजला आधी नाराज होतो त्याचा दिवा मात्र लागतो. पहिला नंबर बहुधा ब्रेकचा, कारण ब्रेकचा पंप विजेवर चालतो आणि एका झटक्यात भरपूर अँपिअर ओढतो. दिवे ब्रेकचे, उपाय हायब्रिड बॅटरीचा, आणि दुखणं डिकीत: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी म्हणतात ते हेच.

सोमवारी सकाळी एक गोष्ट कानानं करून बघा. ड्रायव्हरचं दार उघडलं की बॉनेटखालून दोन-चार सेकंद 'घूंऽऽ' असा आवाज येतो. ब्रेकचा पंप दाब भरून घेतो, त्याचा तो आवाज. बॅटरी ठणठणीत असेल तर आवाज एकसुरी, तरतरीत. बॅटरी खाली असेल तर तो जड, खोल आणि लांबलेला येतो, आणि छतावरचा दिवा त्या वेळी किंचित मंदावतो.

आता मीटर. बॅटरी डिकीत उजव्या बाजूला, फरशी आणि कडेचं प्लॅस्टिक काढलं की दिसते. पण दार उघडलं की कंट्रोलर जागे होतात आणि आकडा खोटा येतो. म्हणून रविवारी रात्रीच डिकी उघडून प्लॅस्टिक काढून ठेवा, डिकीच्या कुलपाची जीभ स्क्रूड्रायव्हरनं बंद स्थितीत फिरवा म्हणजे गाडीला डिकी बंद आहे असं वाटेल, आणि चावी घरात लांब ठेवा. सकाळी थेट बॅटरीच्या दोन खांबांवर मोजा, त्यांवर आवळलेल्या वायरच्या पट्ट्यांवर नको.

१२.६च्या आसपास असेल तर भरलेली. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. ११.९ किंवा खाली म्हणजे जवळपास रिकामी. हा झाला आरामातला आकडा, पण त्यावर थांबू नका. जुनी बॅटरी आरामात १२.५ दाखवते आणि भार टाकला की कोसळते. तेव्हा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबा (डॅशबोर्ड लागेल, रेडी लागणार नाही), हेडलाइट आणि मागच्या काचेचा हीटर लावा आणि एक मिनिट आकडा बघत राहा. ११.५च्या वर टिकला तर बरी. १० ते ११मध्ये आला आणि घसरतच गेला तर बॅटरी बदलायचीच आहे. त्यानंतर सगळं बंद करून ब्रेक दाबून रेडी करा: आता १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. रेडीत असूनही १३च्या खाली राहिला तर मामला वेगळा, मग डीसी-डीसी कन्व्हर्टर किंवा त्याचा मोठा फ्यूज बघावा लागेल.

अर्थ, म्हणजे ऋण खांबाची गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी, तपासायला विसरू नका. डिकीत हेडलाइट-हीटरचा भार चालू असतानाच मीटरची एक काडी बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरी बॉडीच्या कोऱ्या बोल्टवर. ०.१ व्होल्टहून जास्त दिसला तर ऋण वायरचा बोल्ट सोडून तारेच्या ब्रशनं दोन्ही पृष्ठभाग चकचकीत करा. जपानच्या बर्फाळ भागातून, म्हणजे होक्काइदो-तोहोकूकडून आलेल्या गाड्यांत रस्त्यावरच्या मिठानं अर्थचे बोल्ट आणि खालचे कनेक्टर गंजलेले असतात. जपानी लिलावाचं पत्रक मिळालं असेल तर त्यावर गंजाचा शेरा आहे का ते भाषांतर करून बघा.

हात कशाला लावायचा नाही: नारिंगी आवरणाची कोणतीही केबल, मोठ्या बॅटरीचं झाकण, इन्व्हर्टर. इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज ६५०पर्यंत चढवलेलं असतं आणि सर्व्हिस प्लग (मोठी बॅटरी तोडणारा प्लग) काढल्यावरही वीज साठवणारे कपॅसिटर उतरायला १० मिनिटं द्यावी लागतात. साधे रबरी किंवा बागकामाचे हातमोजे तिथे कामाचे नाहीत, १००० व्होल्टला तपासलेले लागतात. आणि पिवळे कनेक्टर एअरबॅगचे, त्यांवर मीटर ओहमला लावून कधीही टेकवू नका. मीटरचा तेवढासा प्रवाहही धोक्याचा.

सांधेजोड

मीटरवाल्यांच्या आधीचं एक पाऊल: बॅटरीची पट्टी सोडण्याआधी कोड वाचून जतन करा. बॅटरी सोडली की काही कंट्रोलरची नोंद पुसली जाते आणि मग सगळे अंधारात चाचपडत बसतात.

तुमचा स्कॅनर 'कोड नाही' म्हणतो कारण असे स्कॅनर फक्त इंजिनाच्या कंट्रोलरला विचारतात. एबीएस, हायब्रिड, बॅटरी, स्टिअरिंग, एअरबॅग हे वेगळे कंट्रोलर. त्यांना टोयोटाच्याच भाषेत विचारावं लागतं. टेकस्ट्रीम हे टोयोटाचं सॉफ्टवेअर आणि त्याची केबल कुणाकडे असेल तर उत्तम. त्यात 'हेल्थ चेक' चालवला की सगळ्या कंट्रोलरचे कोड एका पानावर येतात, ती फाइल ठेवून द्या. जपानी गाडी आपोआप ओळखली नाही तर मॉडेल हातानं निवडा. न्यूझीलंडमध्ये नोंदणीच्या वेळी दिलेला १७ अक्षरी क्रमांक इथे आणि सुटे भाग शोधतानाही उपयोगाचा नाही. जपानी चेसिस क्रमांकच लागतो. मोठ्या बॅटरीपुरतं पाहायचं असेल तर फोनवरचं डॉक्टर प्रियस किंवा हायब्रिड असिस्टंट आणि बरा ब्लूटूथ अडॅप्टर पुरतो.

कोड हाती आले की कोणता कुणाचा पोरगा ते ओळखा. सी१२४१ म्हणजे ब्रेकच्या कंट्रोलरला पुरवठा कमी पडला, तो सरळ छोट्या बॅटरीकडे किंवा अर्थकडे बोट दाखवतो. सी१२५९ आणि सी१३१० हे ब्रेकच्या कंट्रोलरनं लिहिलेले असतात, पण त्यांचा अर्थ एवढाच की 'हायब्रिडकडे काहीतरी बिघडलंय'. ते पाहून ब्रेकचा भाग बदलणं हा निव्वळ तोटा, मूळ कोड हायब्रिडच्या कंट्रोलरमध्ये शोधा. यू अक्षराचे कोड म्हणजे कंट्रोलरांचं आपसात बोलणं तुटलं. एकाच सकाळी चार-पाच यू कोड आले असतील तर बहुधा केबल तुटलेली नसते, व्होल्टेज बसल्यामुळे काही कंट्रोलर उशिरा जागे झालेले असतात. सी१३९१ मात्र गंभीर: ब्रेकच्या अॅक्युम्युलेटरमधून (दाब साठवणाऱ्या टाकीतून) दाब गळतोय. पार्किंगमध्ये रेडीत, ब्रेकला पाय न लावता बसलं तरी पंप दर काही सेकंदांनी वाजत असेल तर त्या बाजूनं विचार करा आणि गाडी चालवणं थांबवा.

बहुतेक कोडसोबत फ्रीझ फ्रेम असते, म्हणजे त्या क्षणाची नोंद. तिच्यात छोट्या बॅटरीचं व्होल्टेज बघा. तिथे ९ किंवा १० व्होल्ट लिहिलेले सापडले की निम्मं काम झालं.

मोठ्या बॅटरीबद्दलची शंका कायमची मिटवायची असेल तर: तिच्यात २८ मॉड्यूल आहेत, कंट्रोलर ते दोन-दोनच्या १४ गटांत मोजतो, प्रत्येक गट साधारण १४.४ व्होल्टचा. गाडी गरम झाल्यावर चढावर जोर द्या आणि सर्वांत वरच्या व सर्वांत खालच्या गटातला फरक बघा (आकडे शेजारी बसलेल्यानं बघायचे, चालवणाऱ्यानं नाही). पाव-अर्ध्या व्होल्टचा फरक या वयाला चालतो. एकच गट दरवेळी एक व्होल्टहून जास्त खाली बसत असेल तर तो मरायला टेकलाय. मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीच्या पंख्याची जाळी असते, तीही साफ करा. धूळ आणि कुत्र्याचे केस अडकले की बॅटरी तापते आणि आयुष्य घटतं.

२०१४च्या फेब्रुवारीत या पिढीच्या प्रियसवर इन्व्हर्टरसाठी जगभर रिकॉल निघाला होता, जवळपास १९ लाख गाड्या, त्यातल्या निम्म्याहून जास्त जपानमधल्या. काम कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरचं होतं. तुमच्या गाडीवर ते जपानमध्ये झालं का हे चेसिस क्रमांकावरून टोयोटाकडे तपासून घ्या. आजच्या तक्रारीशी त्याचा संबंध दिसत नाही, पण हे राहून गेलेलं असणं बरं नाही.

पायवाट

कागदाची बाजू थोडक्यात. डीलरकडून घेतली आहे म्हणजे कन्झ्युमर गॅरंटीज अॅक्ट १९९३ तुम्हाला लागू आहे, वेगळी वॉरंटी घेतली नसली तरी. दुरुस्तीची संधी आधी डीलरला द्यायची असते, म्हणून स्वतः भाग बदलण्याआधी दोष, तारीख, किलोमीटर आणि दिव्यांचा फोटो ईमेलनं कळवा. ऐकलं नाही तर मोटर व्हेइकल डिस्प्यूट्स ट्रायब्यूनल आहे. खासगी माणसाकडून घेतलेल्या गाडीला हा कायदा लागत नाही. आणि एबीएसचा दिवा पेटलेला असेल तर वॉरंट ऑफ फिटनेस (गाडी रस्त्यावर चालवण्यायोग्य असल्याचा दाखला) मिळत नाही, तेव्हा तो 'कधी राहतो कधी जातो' म्हणून सोडू नका.

तांबडीमाती

मनापासून आभार. डीलरला ईमेल गेला. आकडे असे:

सोमवारी सकाळी आरामात ११.८. रेडी न करता भार टाकल्यावर ४० सेकंदांत १०.४, घसरत होता. रेडीत १४.१. बॉडी ते ऋण खांब ०.०३. पंपाचा आवाज खरंच जड होता, लक्ष दिल्यावर कळला.

टेकस्ट्रीमवर हायब्रिड आणि मोठी बॅटरी दोन्हीकडे शून्य कोड. १४ गटांत चढावरचा फरक ०.३. ब्रेकच्या कंट्रोलरमध्ये सी१२४१ (फ्रीझ फ्रेममध्ये ९.६ व्होल्ट) आणि सी०२१०. तीन यू कोड, तेही जुने.

छोटी बॅटरी बदलायची हे पटलं. पण नवी बॅटरीही तीन दिवसांत उतरली तर? आणि सी०२१० हा काय प्रकार?

मीटरवाला

शंका रास्त आहे. बॅटरी म्हातारी झाली म्हणून उतरते, की कुणीतरी पिऊन घेतंय, हे मोजल्याशिवाय नवी टाकू नका. जपानी आयातीत वीज गळायच्या जागा ठरलेल्या आहेत. तिकडच्या मालकानं लावलेला टोलचा ईटीसी डबा, समोरच्या काचेवरचा ड्राइव्ह रेकॉर्डर, जपानी नॅव्हिगेशन, आणि इकडे आल्यावर लावलेला रेडिओचा बँड एक्स्पांडर (या वयाच्या गाड्यांतले जपानी रेडिओ ७६ ते ९० मेगाहर्ट्झवर, इथली स्टेशनं ८८ ते १०८वर, म्हणून तो लागतो). यातलं काही कायम पुरवठ्यावर जोडलं गेलं असेल तर गाडी बंद असतानाही ते जागं राहतं.

मोजायची पद्धत. आधी छोटी बॅटरी बाहेरच्या चार्जरनं पूर्ण भरा, ४ अँपिअरपर्यंतचा चार्जर, रात्रभर. डिकी उघडी, कुलपाची जीभ फिरवून बंद, बाकी दारं बंद, चावी लांब. मीटर १० अँपिअरच्या खाचेत. आता ऋण पट्टी सोडण्याआधी पट्टी आणि खांब यांना एका जाड वायरनं समांतर जोडून घ्या, मग पट्टी उचला, मीटर दोघांमध्ये लावा आणि शेवटी ती वायर काढा. त्यामुळे पुरवठा क्षणभरही तुटत नाही. मीटर मालिकेत असताना दार उघडू नका आणि बटण तर अजिबात दाबू नका, ब्रेकचा पंप एका क्षणात मीटरचा फ्यूज उडवेल. डीसी क्लॅम्प मीटर मिळाला तर ही सगळी कसरत वाचते.

सुरुवातीला दोन-तीन अँपिअर दिसतील, घाबरू नका. अर्धा ते पाऊण तास थांबा, कंट्रोलर एकेक करून झोपतात. शेवटी २० ते ५० मिलिअँपिअर राहायला हवेत. ३०० राहिले तर हिशोब करा: दिवसाला ७.२ अँपिअर-तास. ही बॅटरी नवी असताना ४५ अँपिअर-तासांची, जुनी झाल्यावर तेवढीही उरत नाही.

जास्त आले तर फ्यूज उपटत बसू नका. फ्यूज काढून घातला की झोपलेला कंट्रोलर जागा होतो आणि पुन्हा पाऊण तास जातो. प्रत्येक फ्यूजच्या माथ्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात, त्यांवर मीटरच्या काड्या टेकवून मिलिव्होल्ट मोजा. प्रवाह नसेल तर शून्य. १० अँपिअरच्या छोट्या फ्यूजमधून ३०० मिलिअँपिअर वाहत असतील तर साधारण २ मिलिव्होल्ट दिसतील. मीटर ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवणारा हवा. बॉनेटखालची पेटी आणि डॅशबोर्डखालची पेटी, दोन्ही बघा. बॉनेट आधीपासून उघडं ठेवा.

सांधेजोड

सी०२१० म्हणजे मागच्या उजव्या चाकाचा वेग-सेन्सर. हा स्वतंत्र दोष आहे, बॅटरी बदलून जाणार नाही. तुमची जी जोडी 'कधी राहते कधी जाते' ती याची. पुढचं उजवं चाक सी०२००, पुढचं डावं सी०२०५, मागचं डावं सी०२१५.

सेन्सर मागच्या हबमध्येच (चाक ज्यावर बसतं त्या भागात) बसवलेला असतो, वायर मागून कनेक्टरनं जोडलेली. म्हणून सेन्सरच मेला असेल तर पूर्ण हब बदलावा लागतो, आणि त्याच कारणानं आधी कनेक्टर बघायचा. गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर ठेवा, चाक काढा, कनेक्टर सोडा. आत हिरवट किंवा पांढरी भुकटी दिसली तर काँटॅक्ट क्लीनरनं धुवा, वाळू द्या, पिना सैल वाटल्या तर तिथेच दोष. वायर जिथे सस्पेन्शनसोबत वाकते तिथे आवरणाला चीर आहे का ते बोटानं चाचपा. चिरेतून आत गेलेलं पाणी तांब्याला काळं करतं आणि वायर बाहेरून धडधाकट दिसते. ओहममध्ये मोजण्यावर विसंबू नका.

खरी परीक्षा चालत्या गाडीत. टेकस्ट्रीमवर चारही चाकांचे वेग एकाच आलेखात लावा, मोकळ्या पार्किंगमध्ये सरळ रेषेत १० ते २० किलोमीटरनं चालवा, शेजारी बसलेला आलेख बघेल. तीन रेषा एकत्र आणि चौथी मधूनच शून्यावर पडत असेल तर वायर किंवा कनेक्टर. चौथी कमी वेगाला गायब आणि वेग वाढल्यावर परत येत असेल तर सेन्सर किंवा हबच्या बेअरिंगची ढिलाई. चाक वर-खाली हलवून खेळ बघा.

तांबडीमाती

पाऊण तासानंतर ३४० मिलिअँपिअर. 'डोम' (छतावरचा दिवा) लिहिलेल्या फ्यूजवर २.४ मिलिव्होल्ट, बाकी सगळीकडे शून्याजवळ. काचेवरच्या जपानी ड्राइव्ह रेकॉर्डरची वायर छताच्या कापडाखालून त्याच ओळीवर जोडलेली सापडली. तो काढला, पुन्हा पाऊण तास थांबलो: ३० मिलिअँपिअर.

मागच्या कनेक्टरमध्ये हिरवी भुकटी होती. धुऊन वाळवून बसवला, आलेखात चारही रेषा जुळल्या, कोड पुसला, आठवडाभर एबीएसचा दिवा नाही.

डीलर बॅटरी द्यायला तयार झालाय, बसवणार मी. काय सांभाळू?

मीटरवाला

३४० मिलिअँपिअर म्हणजे शुक्रवार संध्याकाळ ते सोमवार सकाळ, ६२ तासांत २१ अँपिअर-तास. थकलेल्या बॅटरीला तेवढं पुरे होतं, गणित जुळतंय. आता त्याच वेळात दोनच्या आत जातील.

बॅटरी घेताना जुनीवरचा क्रमांक जुळवा, खांबांची बाजू आणि जाडी दोन्ही. जपानी मापाचे खांब बारीक असतात, जाड खांबाची बॅटरी आणली तर पट्टी बसत नाही आणि लोक पट्टी फाकवतात, मग वर्षभरात ती सैल होऊन हेच दिवे परत. बॅटरी गाडीच्या आत आहे, म्हणून एजीएम प्रकारची (आम्ल आतल्या जाळीत शोषलेली, न सांडणारी) आणि वायू बाहेर नेणारी नळी जोडता येईल अशीच हवी. बॉनेटखाली बसणारी साधी ओली बॅटरी स्वस्त पडते म्हणून डिकीत ठेवू नका. तिचा हायड्रोजन तुमच्या डोक्यामागे साठेल. जुनीची नळी काढून नवीला घट्ट बसवा, हे हमखास राहून जातं.

बसवण्याआधी नॅव्हिगेशन बघा. बऱ्याच जपानी टोयोटा संचांत नकाशाचं एसडी कार्ड असतं आणि वीज तुटल्यावर संच तेच कार्ड मागतो. कार्ड आधीच्या मालकानं किंवा डीलरनं काढलेलं असेल तर पडदा कुलूपबंद होतो आणि उघडायला संकेतांक लागतो. कार्ड खाचेत नसेल तर बॅटरी बदलताना दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीनं बॉनेटखालच्या फ्यूजपेटीतल्या लाल झाकणाखालच्या टोकातून पुरवठा चालू ठेवा, ऋण टोक इंजिनाच्या कोऱ्या धातूवर. त्या वेळी धन पट्टी जिवंत असते, तिला जाड कापडात गुंडाळून ठेवा म्हणजे बॉडीला टेकणार नाही.

पुढे कधी बॅटरी बसलीच तर जंप त्याच लाल टोकावर द्या. डिकी विजेच्या कुलपाची असल्यामुळे अशा वेळी ती बाहेरून उघडत नाही. ड्रायव्हरचं दार चावीच्या आतल्या धातूच्या पात्यानं उघडतं, तिथून बॉनेट. या गाडीला जंप द्यायला फार अँपिअर लागत नाहीत, खिशात मावणारा जंप-पॅकही पुरतो. धन-ऋण उलटं मात्र होऊ देऊ नका, मोठा फ्यूज जातो आणि कधी इन्व्हर्टरही.

उभ्या गाडीत रेडिओ ऐकायचा असेल तर नुसत्या 'एसीसी'वर (रेडिओसारख्या उपकरणांनाच वीज देणाऱ्या स्थितीत) नको, पार्कमध्ये रेडी करून ऐका. बॅटरी बसवल्यावर चारही काचा पूर्ण खाली-वर करून बटण क्षणभर धरून ठेवा, म्हणजे एका स्पर्शात वर जाणं परत येईल. ड्राइव्ह रेकॉर्डर हवाच असेल तर 'एसीसी'च्या ओळीवर २ अँपिअरचा फ्यूज घालून जोडा. आणि सोमवारी सकाळी एकदा व्होल्ट मोजून इथे टाका, १२.५च्या वर असायला हवेत.